नऊ सेंटिमीटर

टीव्हीखालच्या फळीत जागा नऊ सेंटिमीटर उंच,
छत्तीस रुंद. तिथं मेलेला व्हीसीआर बसलाय
घरातल्या वडीलधाऱ्यासारखा:
काम काही नाही, पण उठवायचं कुणी?

माझ्याकडं सहाशे लारी.
त्यातले ऐंशी दातांसाठी ठेवलेले.
ठीक आहे, दात पुढच्या महिन्यातही दुखेल.

अक्रोड फोडता फोडता यादी करते.
प्रोसेसर असा, की चित्र काढायची अक्कल त्याच्या पोटातच हवी;
वेगळं ग्राफिक्स कार्ड म्हणजे घरजावई पोसणं.
मदरबोर्ड वीतभर, त्याहून मोठा नको.
रॅम आठची एक नको, चारच्या दोन;
ओझं दोन्ही हातांत वाटलं की जिना चढवतो,
हे मला त्या हिवाळ्यांनी शिकवलं
जेव्हा कुतायसीत नळ कोरडे होते
आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो.
अजून तिथंच राहतो.

सासूबाईंना, गुलिकोला, ऐकू येत नाही.
रेशीमगिरणीत एकतीस वर्षं. मागांनी कान नेले,
बदल्यात एक पदक दिलं.
त्या सिनेमे वाचतात, खालच्या ओळी आणि वरचे ओठ.
पंख्याचं विमान झालं तरी त्यांना चालेल.
पण त्याच खोलीत, सोफ्यावर, दिवसा झोपतो जुंबेर,
रात्रपाळीचा माणूस,
ज्याला फ्रिजनं श्वास घेतलेलाही खपत नाही.

म्हणून यादीत सगळ्यात वर लिहिलं: आवाज नको.
दोनदा अधोरेखित केलं.
शांतता महाग असते, हे दुकानात कळलं.

बिचिकोचं दुकान रिओनीच्या पुलापलीकडं,
एका बाजूला चपला, एका बाजूला चीज.
त्यानं कूलर काढला, सत्तेचाळीस मिलिमीटर, जवळजवळ मुका.
केसमध्ये मावतो पंचेचाळीस.
"दोन मिलिमीटरच तर आहेत," तो म्हणाला, "दाबून बसवा."

माझे वडील ट्रकच्या कारखान्यात लेथवर होते.
"दोन मिलिमीटरच" म्हणणारी माणसं
त्यांनी घरी पाठवलीत.

मग केसची किंमत विचारली. एकशे नव्वद.
म्हणजे या साऱ्या गणितात
सगळ्यात महाग निघाला रिकामा डबा.
मी कूलर घेतला, बाकीचंही घेतलं, डबा सोडून दिला.
बिचिकोनं विचारलं, "आता हे ठेवणार कशात? पातेल्यात?"
उत्तर मलाही पुलाच्या मध्यावर सुचलं.

व्हीसीआरचे सहा स्क्रू. एक गंजलेला, त्याला तेल.
गुलिको खुर्ची ओढून बसल्या,
माझे हात वाचत.
झाकण निघालं तर आत धूळ, एक पाच तेत्रींचं नाणं,
आणि दातांत धरलेली एक कॅसेट,
फीत बाहेर आलेली, शेवयांसारखी.
चिठ्ठीवर निळ्या शाईत फक्त "२".
अक्षर त्यांचं नाही. माझं नाही.
जुंबेरला उठवायची कुणाची टाप?

आतडी काढली, पत्र्याला नवी भोकं पाडली,
मदरबोर्ड बसला. कूलरच्या डोक्यावर बोटभर हवा उरली.
वीज बाहेरून, लॅपटॉपच्या जुन्या अडॅप्टरनं.
चालू करायची तार मी मुद्दामच
"प्ले"च्या बटणाला जोडली.

गुलिकोंनी दाबलं.
पडद्यावर उजेड आला, मग अक्षरं, कुठल्याशा सिनेमाची पहिली ओळ.
मी डब्याला कान लावला.
काहीच नाही.
मागं वळून सासूबाईंकडं बघितलं,
त्यांनी खांदे उडवले: मला काय विचारतेस?

जुंबेर कुशीवर वळून झोपेतच बोलला,
"झालं का तुझं? लाव की मग."

हा डबा आता जवळजवळ काहीही दाखवू शकतो.
ती दोन नंबरची कॅसेट तेवढी नाही.
ती मी पिशवीत घालून कपाटावर ठेवलीय.
एक नंबर कुठं असेल,
अधूनमधून, दात ठणकला की,
तेवढंच मनात येतं.